जुनी रॉथ्को प्रिंट घेताना फ्रेम उघडून बघा

चोर बाजारात मटन स्ट्रीटला जुन्या फ्रेम्सच्या ढिगात कधी रॉथ्को किंवा पोलॉक या अमेरिकन अमूर्त चित्रकारांची प्रिंट सापडते. दुकानदार म्हणेल, "ओरिजिनल आहे, साहेब." साधं भिंग लावा. बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छापखान्यातलं पोस्टर. पोस्टर घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त पोस्टरचेच पैसे द्या. पोलॉक 1956 साली गेला आणि रॉथ्को 1970 साली. त्यानंतर छापलेल्या पोस्टरवर पेन्सिलची सही असेल तर हसून पुढे व्हा.

खरी गोम रंगात असते. व्यक्तिचित्रात चेहरा फिका पडला की लगेच कळतं. रॉथ्कोच्या चित्रात नुसते रंगांचे पट्टे, त्यामुळे उडालेला लाल हाच मूळचा गुलाबी वाटतो. म्हणून मागच्या खिळ्या काढून फ्रेम उघडायला सांगा. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड कागदी चौकटीखाली, झाकलेली कड आणि उघडा भाग शेजारी शेजारी बघा, फरक डोळ्यांत भरतो. त्याच वेळी कागदावर तपकिरी ठिपके किंवा कुबट वास आहे का, तेही पाहा. उघडू देत नसेल तर भाव निम्म्यावर आणा, नाहीतर सोडा.

घरी आणल्यावर ॲसिड-फ्री माउंट घालून घ्या. कागद काचेला टेकला, की पावसाळ्यात चिकटलाच समजा. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबराचे तुकडे लावा, हवा खेळती राहते.