चिरिकाहुआत जाताना आधी उंची पाहा

अ‍ॅरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यातले चिरिकाहुआ डोंगर म्हणजे वाळवंटात उभं असलेलं जंगलाचं बेट. पायथ्याचं पोर्टल गाव सुमारे १,४५० मीटरवर, वरचा रस्लर पार्क हा तंबूतळ २,५५० च्या आसपास. गाडीने तासाभराच्या चढात पारा साधारण ७ अंशांनी उतरतो, त्यामुळे उन्हाळ्यातही स्वेटर हवाच. ओनियन सॅडल या खिंडीचा कच्चा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद होतो.

माणशी रोज ४ लिटर पाणी सोबत न्या. नकाशावरचे झरे मे-जूनमध्ये आटलेले असू शकतात.

जुलै ते सप्टेंबर कोरड्या ओढ्यात तंबू अजिबात ठोकू नका. २०११ च्या मोठ्या वणव्याने इथले बरेच उतार होरपळले. अशा उघड्या उतारावर पाणी मुरत नाही. माथ्यावर पाऊस झाला की दगडगोट्यांसकट लोंढा खाली येतो, तुमच्या डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही.