कांद्याचा भाव: सरासरी काढायची कशी, तिच्यावर विसंबायचं कधी

बाजार समितीच्या पत्रकात कांद्यापुढे आवक आणि तीन दर असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण. व्हॉट्सअॅपवर फिरतो तो बहुतेक वेळा जास्तीत जास्तच. आमच्या निफाड तालुक्यात तेवढा एक आकडा वाचून पोरं साठवणीची चाळ फोडून कांदा विकायला निघतात, ते मला बघवत नाही. एका ट्रॉलीला लागलेला भाव म्हणजे बाजार नव्हे. घरची हिशोबाची वही माझ्याकडे असते, म्हणून माझी रीत सांगते. दहावीच्या गणितातलेच मध्य, मध्यक, बहुलक आहेत हे.

लिलावात उभं राहून ओळीनं सात वाहनांचे भाव टिपा. समजा, क्विंटलला असे निघाले: १३००, २७००, १२००, ४००, १५००, १३००, १४००. आधी चढत्या क्रमानं लावा: ४००, १२००, १३००, १३००, १४००, १५००, २७००. याचा कंटाळा करू नका, निम्मं उत्तर इथंच डोळ्यांना दिसतं.

बेरीज ९८००, भागिले ७, म्हणजे १४००. हा मध्य, आपली रोजची सरासरी. ओळीत बरोब्बर मधला, म्हणजे चौथा भाव १३००, तो मध्यक. वाहनं आठ असती तर चौथ्या आणि पाचव्याची सरासरी घ्यायची. सगळ्यात जास्त वेळा आलेला भाव तो बहुलक, इथं तोही १३००. पत्रकातला सर्वसाधारण दर याच जातीचा: बराचसा माल ज्या भावाच्या आसपास गेला तो.

आता २७०० खोडून तिथं ४१०० लिहून बघा. मध्य उडी मारून १६०० वर जातो, मध्यक १३०० वरून हलत नाही. सातातली सहा वाहनं सरासरीच्या खाली विकली गेली, तरी सरासरी १६००! म्हणून एखादा भाव फार वेगळा पडला की मी मध्यक धरते.

पण मध्यकही भाव किती पसरलेत ते सांगत नाही. सगळ्यात मोठ्यातून सगळ्यात लहान वजा केला की विस्तार मिळतो: २७०० वजा ४००, म्हणजे २३००. तो दोनच वाहनांवर उभा आहे, मधल्या पाचांना त्यात जागाच नाही. त्यापेक्षा प्रत्येक भाव १४०० पासून किती लांब आहे ते लिहा: १०००, २००, १००, १००, ०, १००, १३००. बेरीज २८००, भागिले ७, म्हणजे सरासरी अंतर ४००. नवख्यानं इथपर्यंत केलं तरी पुष्कळ.

पसरण मोजायचं दुसरं माप म्हणजे प्रमाण विचलन: त्यात याच अंतरांचे वर्ग करतात, म्हणजे लांबचा भाव जास्त भारी पडतो. वर्गांची बेरीज २७,६०,०००. तिला ७ नं भागून वर्गमूळ काढलं की साधारण ६२८. हे सात भाव मोठ्या लिलावातला नमुना आहेत असं धरलं तर ७ ऐवजी ६ नं भागतात, मग ६७८. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं हे.

१४०० च्या सरासरीला ६२८ चं विचलन म्हणजे या सरासरीवर गाडी भरू नका. आधी टोकाचे कांदे जाऊन बघा. ४०० वाली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, असेल तर तिचा हिशोब वेगळा, ती मोठ्या कांद्यात मिसळायचीच नाही. २७०० चा मालही निराळ्या प्रतीचा निघाला तर तोही बाजूला काढा. उरलेल्या पाचांचा मध्य १३४०, प्रमाण विचलन जेमतेम १०२. या १३४० वर भरवसा ठेवता येतो. मात्र आकडा आवडला नाही म्हणून खोडायचा नाही. माल वेगळा असेल तरच.

आपल्या स्वतःच्या पट्ट्यांना, म्हणजे विक्रीच्या पावत्यांना, वजनासकट सरासरी लागते. २० क्विंटल १५०० नं गेला, ५ क्विंटल गोल्टी ५०० नं. दोन भावांची सरासरी १००० येते, पण ती चुकीची. ३०,००० अधिक २,५००, भागिले २५, म्हणजे पडलेला भाव १३००. त्यातून हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा करून क्विंटलमागे काय उरलं ते वहीत त्याच दिवशी लिहा, आणि शेजारच्या रकान्यात त्या दिवसाचा सर्वसाधारण दर.