मुठीनं नको, मापानं टाका

पाण्यातले जंतू मारायला विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी मुठीनं मोजायचो. दोन मुठी कोरडीच भिरकावली की काम संपलं. वर पांढरट थर, तळाशी चुना, मधलं पाणी तसंच. पाण्याला वास मात्र असा उग्र, की लोक भरलेला हंडा तिथंच ओतून देत.

आधी पाणी मोजा. दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडा आणि वर काढून दोराचा ओला भाग मोजा. ती झाली पाण्याची खोली. विहीर गोल असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, सगळं मीटरमध्ये, आणि आलेल्या आकड्याला 785 नं गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी म्हणजे सुमारे 28 हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर धरा, म्हणजे 70 ग्रॅम. माझ्या दोन मुठींचा हिशोब कशातच बसत नव्हता.

पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत घ्या आणि थोडं पाणी घालून गुठळ्या मोडा. मग बादली पाऊण भरून ढवळा आणि दहा मिनिटं हात लावू नका. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत अलगद ओता, चुना विहिरीत जाऊ देऊ नका. निवळीची बादली दोरानं पाण्याच्या आत सोडून वर-खाली, आजूबाजूला हिसके द्या. त्यानंतर तासभर कुणालाही पाणी भरू देऊ नका. मी हे रात्री उरकतो, तेव्हा भांडण कमी होतं.

मग ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते रंगावरून बघायचं. थेंब टाकल्यावर दहा सेकंदांच्या आतच रंग बघा. उशिरा चढलेला पिवळेपणा मोकळ्या, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेल्या क्लोरीनचा नसतो, त्यावर भुलू नका. लिटरला अर्धा मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन दिसलं पाहिजे. रंगच आला नाही तर पावडरीकडे संशयानं बघा. उघड्या पिशवीत ओल धरलेली पावडर दिसते पांढरीशुभ्र, पण तिच्यात जोर उरलेला नसतो.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं, म्हणून आधी तुरटीनं निवळून घ्या. आणि फ्लोराइड किंवा आर्सेनिक असलेल्या पाण्याला पावडरीचा काही उपयोग नाही, तिथं दुसरा पाणवठाच शोधावा लागतो. काही चिवट जंतूही क्लोरीनला दाद देत नाहीत. जुलाबाची साथ असेल तेव्हा प्यायचं पाणी खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं.

एवढं करूनही एका घरात जुलाब थांबेनात. विहिरीतलं पाणी चांगलं होतं. माठ बघायला गेलो, तर पोरगं कोपरापर्यंत हात बुडवून पेला भरत होतं. आता लांब दांड्याचं ओगराळं माठाशेजारी खुंटीला टांगायला लावतो. जमिनीवर ठेवलं की ते परत मातीसकट आत जातं.