मुरबाडच्या हवेत घाटावरचं पॉलिहाऊस

ठाणे जिल्ह्यात पॉलिहाऊसमधल्या फुलशेतीच्या कामात उतरणाऱ्यांनी पुण्याजवळ मावळातल्या तळेगाव दाभाडेला जाऊन ट्रेनिंग जरूर घ्यावं. फक्त तिथला आराखडा उचलून मुरबाड-शहापूरला उभा करू नये. मावळात उन्हाळ्याची रात्र निवते, आपल्याकडे पहाटेपर्यंत घाम. बेड, ठिबक, छताचा २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद हे तुम्हाला माहीत असणारच.

मला छळलं ते फॅन-पॅडने, म्हणजे एका भिंतीला ओले पॅड आणि समोरच्या भिंतीला हवा ओढणारे पंखे. पहिली नोकरी लागली त्या शेडवर मे महिन्यात जरबेरा कोमेजायचा आणि जाब मला द्यावा लागायचा. पंखे चालू, पॅड ओले, मोटर ठीक, तरी आत घुसमट. कारण साधं आहे, पण कुणी सांगत नाही. पॅडमधून आलेली हवा ओल्या बल्बच्या तापमानाखाली (थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळल्यावर दिसतो तो आकडा) जाऊच शकत नाही. बाहेर ३५ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर हे तापमान साधारण १९ असतं. तेच ३५ अंश, पण आर्द्रता ७० टक्के, तर ३०. म्हणजे चांगला पॅडही चारेक अंशच उतरवणार, आणि पंख्याच्या टोकापर्यंत जाताना हवा पुन्हा तापणार. मोठा पंखा, जाड पॅड, कशानेच हे बदलत नाही. हवेत आणखी पाणी मावत नसेल तर थंडावा येणार कुठून? बारीक तुषार उडवणाऱ्या फॉगरचंही तेच. तरी कोटेशनमध्ये फॅन-पॅड असतोच. अशा सल्लागारापेक्षा जुन्या शेडवरच्या मुकादमाला चहा पाजा.

घाबरू नका, वाऱ्यावर भागतं. गटर (दोन कमानी जुळतात तिथली पन्हळ) ४ ते ४.५ मीटरवर, माथा ६ ते ६.५ वर ठेवा, म्हणजे तापलेली हवा झाडांपासून वर राहते आणि माथ्याच्या झडपेतून निघून जाते. झडपेचं तोंड पूर्वेला हवं. आपला वारा बहुतेक पश्चिमेचा, तो छतावरून जाताना आतली हवा ओढून नेतो आणि जूनचा पाऊसही आत झोडपत नाही. तोंड पश्चिमेला केलेली एक शेड पाहिली, बेडांचं तळं झालं होतं. शेड फार रुंद केली की मधल्या कमानींखाली वारा पोचत नाही. बाजूची ४० मेशची (इंचाला ४० छिद्रं) कीडरोधक जाळी मुळातच वारा अडवते, धूळ बसली की जास्तच. ती धुवत जा.

थंडीत सकाळी पडदे उशिरा उघडायचा आळस महागात पडतो. ऊन आलं की हवा झटकन तापते, फूल थंडच राहतं, पाकळीवर दव धरतं आणि मागोमाग करडी बुरशी येते. ऊन चढायच्या आधी थोडे थोडे उघडा.

आणि जरबेराचाच हट्ट कशाला? डेंड्रोबियम ऑर्किड आणि अँथुरियमला दमटपणा हवाच असतो. सावलीची जाळी (शेडनेट) आणि पावसाळ्यात वर कागद, एवढ्यावर दोन्ही इथे जमतात, दादरचा फूलबाजारही जवळ. मात्र रोपं महाग, पहिलं फूल यायला वेळ लागतो, घरच्यांना हे आधीच सांगा. कोटेशनवर सही करण्यापूर्वी ओल्या-कोरड्या बल्बचा साधा थर्मामीटर घ्या आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता जागेवर, सावलीत धरून दोन्ही आकडे लिहून काढा.