वादळाच्या दिवशी दूरच्या मित्रांशी गप्पा कशा ठेवाव्यात

ऑनलाइन जमलेल्या मित्रमंडळीत कोणी दापोलीचा असतो, कोणी पुण्यात, तर कोणी दुबईत. रोजच्या गप्पांत मुलांच्या परीक्षा, नोकरीतली कटकट, गुडघेदुखी असे सगळे येते आणि मे संपत आला की पावसाची चौकशी सुरू होते. अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार झाल्यावर मात्र याच गप्पांवर वेगळी जबाबदारी येते. ज्याच्या घरावरून वारा जाणार आहे त्याला धीर तर द्यायचा, पण त्याच्या फोनची बॅटरी खर्ची घालायची नाही, हे साधायचे असेल तर तयारी आदल्या दिवशीच करावी लागते.

अशा ओळखींत अनेकदा आपल्याला माणसाचे टोपणनावच ठाऊक असते. म्हणून इशारा जाहीर होताच किनाऱ्यावरच्या मित्राकडून त्याच्या संमतीने तालुका, गाव, वाडी आणि एखाद्या शेजाऱ्याचा क्रमांक मागून घ्यावा व तो एकाच विश्वासू मित्राकडे ठेवावा. १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक आहे, पण तो आपण जेथून फोन करतो त्या जिल्ह्यात लागतो. त्यामुळे मित्राच्या जिल्ह्यातील कक्षाचा थेट क्रमांक वेगळा लिहून ठेवणे आवश्यक आहे.

प्रत्यक्ष वादळात निरोप लेखी आणि छोटा असावा, कारण क्षीण नेटवर्कवर फोन लागत नाही तेव्हाही साधा एसएमएस पुष्कळदा पोचतो. उदाहरणार्थ: ‘केळशी, दुपारी १:१५. पडवीचे पत्रे उडाले. आम्ही तिघे माजघरात, सुखरूप. बॅटरी ३० टक्के. पुढचा निरोप ४ वाजता.’ या पाच वाक्यांत विचारण्यासारखे काही उरत नाही. त्यातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण चारपर्यंत कोणी फोन करायचा नाही, हे त्यामुळे सर्वांना कळते. चार वाजता निरोप आला नाही तरी लगेच घाबरू नये. वीज गेल्यावर मोबाइलचे टॉवर बॅटरी आणि डिझेलवर काही काळच चालतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील कित्येक गावांचा संपर्क तुटला आणि काही ठिकाणी वीज यायला अनेक आठवडे लागले.

दूरच्या मित्रांनी या काळात हवामान खात्याची पत्रके वाचून त्यातील दोन ओळी मराठीत कळवाव्यात. वादळ जवळ आल्यावर ती दर तीन तासांनी निघतात. पिवळा इशारा लक्ष ठेवण्यासाठी, नारिंगी तयारीत राहण्यासाठी आणि लाल प्रत्यक्ष कृतीसाठी असतो. कोणत्या समुद्राचा, कोणत्या वर्षाचा हे ठाऊक नसलेला व्हिडिओ मुळीच पुढे पाठवू नये. वारा अचानक थांबला तर ‘सुटलो’ म्हणून बाहेर पडण्याचा सल्लाही देऊ नये, कारण वादळाचा डोळा डोक्यावरून जाताना अशीच शांतता पसरते आणि थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने सुटतो.

बोलण्यातही भान हवे. निसर्गच्या वेळी मुंबई बरीचशी बचावली, पण त्याच दुपारी रायगड आणि रत्नागिरीत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरेपर्यंत वर्षे जातात, हे ज्याला माहीत आहे तो अशा मंडळीत ‘आपण वाचलो’ असे लिहिणार नाही. मात्र सतत गंभीर राहण्याचीही गरज नाही. काळोखात बसलेल्या मित्राने ‘आज जेवायला काय केलंत?’ असे विचारले, तर पिठल्यापासून लोणच्यापर्यंत सगळे सविस्तर सांगावे. त्याला तेच हवे असते.

वारा ओसरल्यावर मंडळी आपापल्या कामाला लागतात, पण किनाऱ्यावरच्या माणसाचे खरे कष्ट तेव्हा सुरू होतात. ‘कसा आहेस?’ असे मोघम विचारण्यापेक्षा विहिरीचा पंप चालू झाला का, कौले मिळाली का, तलाठी येऊन गेले का, असे नेमके विचारावे. पडलेली झाडे तोडण्यापूर्वी आणि फुटलेली कौले उचलण्यापूर्वी त्यांचे फोटो काढण्याची आठवण त्याला आवर्जून करावी, म्हणजे ते पंचनाम्याच्या वेळी दाखवता येतील. त्याचा फोन बंद पडण्याची भीती असेल, तर ते फोटो आपल्याकडे मागवून तारखेसह जपून ठेवावेत.