फ्युएल पंप बदलण्यापूर्वी : जुन्या गाडीतील पंपाची वीज कशी तपासावी

कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये फ्युएल पंप इंजिनाच्या अंगाला बसवलेला असे आणि कॅमशाफ्टच्या हालचालीवर चालत असे. विजेशी त्याचे काही देणेघेणे नव्हते. एमपीएफआय गाड्यांमध्ये (कार्ब्युरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या), म्हणजे १९९८ साली आलेल्या सँट्रोसारख्या आणि नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये, पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याची वीज बॅटरीपासून फ्यूज, रिले (लहान करंटच्या आज्ञेने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि दोन-चार कनेक्टर ओलांडून गाडीच्या मागच्या भागापर्यंत जाते. वीस-पंचवीस वर्षे पावसाळे सोसलेल्या गाडीत या वाटेवरचा प्रत्येक सांधा संशयास्पद असतो. तरीही सेल्फ फिरतो आणि गाडी चालू होत नाही म्हटले की बहुधा आधी पंपच बदलला जातो. तो महागडा निर्णय घेण्यापूर्वी, पंप चालू असताना त्याच्या टोकाशी किती व्होल्ट पोहोचतात, एवढे तरी मोजलेच पाहिजे.

काम मोकळ्या हवेत करावे, आजूबाजूला ज्योत, विडी-सिगारेट किंवा ठिणगी उडवणारे काही नसावे आणि आग विझवण्याचे साधन हाताशी असावे. टाकीवरची झाकणी उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर विजेची कोणतीही चाचणी न करता आधी गळती शोधावी. साहित्य फारसे लागत नाही : एक डिजिटल मल्टिमीटर, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडून केलेला टेस्ट लॅम्प आणि मध्ये फ्यूज असलेली एक वायर.

सुरुवात कानांनी करावी. पेट्रोलची टोपी उघडून कुणाला तरी तेथे कान देऊन उभे करावे आणि चावी ‘ऑन’ करावी. बहुतेक गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक, दोन-तीन सेकंद पंप चालवून लाइनमध्ये दाब तयार करतो, तेव्हा बारीक गुणगुण ऐकू येते. आवाज आला म्हणून पंप निर्दोष ठरत नाही, कारण कमी व्होल्टेजवरही पंप गुणगुणतो, मात्र पुरेसा दाब देत नाही. आवाज आलाच नाही तर प्रथम बॅटरी पाहावी. विश्रांतीच्या स्थितीत ती सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत नसेल तर पुढचे आकडे फसवे निघतील.

फ्यूज डोळ्यांनी पाहून भागत नाही. तो जागेवर असतानाच, चावी ‘ऑन’ ठेवून, टेस्ट लॅम्पचे एक टोक गाडीच्या उघड्या पत्र्याला आणि दुसरे आळीपाळीने फ्यूजच्या दोन्ही टोकांना लावून पाहावे; एकाच टोकावर बल्ब पेटला तर फ्यूज उडालेला आहे. फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे वायरिंगला आग लावण्याची तयारी करणे होय.

त्यानंतर रिले. हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असेल तर अदलाबदल करून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. रिले काढून, गाडीच्या वायरिंग नकाशावरून खात्री केल्यावर, त्याच्या सॉकेटमधील ३० (बॅटरीकडून येणारी) आणि ८७ (पंपाकडे जाणारी) या क्रमांकांच्या जागा फ्यूजच्या वायरने क्षणभर जोडाव्यात. पंप चालू लागला तर दोष रिलेमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या आज्ञेत आहे. चालला नाही तर पुढची वायर, अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारी वाट) किंवा पंप यांकडे वळावे. गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने मुकाट चालू होते, अशा तक्रारीत रिलेच्या आतील सोल्डरिंगला तडे गेलेले असू शकतात. नव्वदच्या दशकातील होंडा गाड्यांचा मेन रिले या दोषासाठी जगभर ओळखला जातो.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात, ज्या कंपनीच्या नकाशात सापडत नाहीत. ॲक्सेसरीच्या दुकानात बसवलेला चोरीविरोधी अलार्म कित्येकदा पंपाचीच वायर तोडून मध्ये आपला रिले घालतो, आणि काही सीएनजी किटदेखील गॅसवर जाताना पंप बंद ठेवण्यासाठी तेच करतात. हे जोड बहुधा नुसते पिळून काळ्या टेपने गुंडाळलेले असतात. डॅशबोर्डखाली असा गुंता दिसला, तर माझा पहिला संशय तेथेच जातो.

आता मुख्य चाचणी. अनेक गाड्यांत मागची सीट उचलल्यावर पंपाचा कनेक्टर दिसतो; त्यात पेट्रोलच्या काट्याच्या बारीक वायरीही असतात, पंपाच्या दोन वायरी जाड असतात. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला आणि १२ व्होल्ट दिसले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंप मात्र साधारण ४ ते ५ अँपिअर घेतो. सांध्यात केवळ ०.४ ओहम अवरोध असला तरी ५ अँपिअरला तेथे २ व्होल्ट खर्ची पडतात आणि १० वॅट उष्णतेने कनेक्टरचे प्लास्टिक तपकिरी पडते. म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून, पंप चालू असतानाच मोजावे.

हेच दोन भागांत करावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे पंपाच्या धन वायरीला लावल्यास दिसणारा आकडा म्हणजे त्या वाटेतील तूट. अर्ध्या व्होल्टपेक्षा ती जास्त नसावी. तसेच बॅटरीचे ऋण टोक आणि पंपाची अर्थ वायर यांच्यात ०.२ व्होल्टपर्यंतच फरक असावा. अर्थची तूट जास्त निघाली तर बॉडीवरचा तिचा स्क्रू शोधावा. डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत अर्थच्या टर्मिनलखाली रंग बसलेला आढळतो. किनारपट्टीवरच्या गाडीत तेथे गंज असतो. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, स्क्रू घट्ट करून वर ग्रीस लावावे.

दोन्ही बाजू ठीक असूनही पंप फिरत नसेल, तरच तो बदलावा. सीएनजीवर धावणाऱ्या गाडीत पेट्रोल कायम तळाला ठेवले असेल तर पंप खरोखरच गेलेला असण्याची शक्यता मोठी असते, कारण त्याला थंड ठेवण्याचे काम पेट्रोलच करते.

जळालेला कनेक्टर तसाच ठेवून नवा पंप जोडू नये. कनेक्टरही बदलावा, मूळ वायरीइतकीच जाड वायर वापरावी आणि टाकीपासून दूर केलेला प्रत्येक जोड क्रिंप करून (धातूची नळी पक्कडीने दाबून) त्यावर उष्णतेने आवळली जाणारी हीट-श्रिंक नळी चढवावी. मग पुन्हा त्याच दोन ठिकाणी मोजून आकडे गाडीच्या वहीत तारखेसह लिहावेत आणि झाकणीचे रबर नीट बसल्याची खात्री करूनच सीट जागेवर ठेवावी.