मान वर केली की, सर

कोल्हापुरात मी 11 हंगाम फुटबॉलमध्ये स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, खेळलो. कुठल्या पेठेच्या संघाकडून ते सांगत नाही, सांगितलं तर निम्मे लोक इथंच वाचायचं सोडतील. शाहू स्टेडियमवर गॅलरी भरलेली असताना कॉर्नरचा बॉल हेड करून बाहेर काढला की वरून हलगी कडाडायची आणि वाटायचं, फुटबॉल आपल्याला कळतो. 28व्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, वर्षभर फिजिओ केली, आणि मग तालमीच्या कट्ट्यावर सगळे म्हणतात तेच मीही म्हणालो: खेळणं संपलं, आता कोचिंग करू. खेळता येतं म्हणजे शिकवताही येणारच, ही समजूत डोक्यात इतकी पक्की होती की ती उतरायला तीन वर्षं गेली. खेळणं सोडून कोच होऊ पाहताय त्या तुमची जरा लवकर उतरावी म्हणून हे लिहितोय.

कोचिंगच्या लायसन्सची शिडी तुम्हाला माहीत असेलच, खालून वर: डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. अर्ज कसा करायचा, तारखा कधी लागतात, हे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या आणि विफाच्या (आपल्या राज्याच्या फुटबॉल संघटनेच्या) साईटवर मिळतं, त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की कोर्सला बसून ऐकायचं काम कमी आणि मैदानातलं जास्त असतं. दुसरा उमेदवार सेशन घेतो तेव्हा त्याचे खेळाडू तुम्हीच असता. मी गुडघा न बांधता गेलो आणि दुसऱ्या दिवशी जिना चढताना कठड्याला धरून चढलो. लीग ऐन रंगात असताना कोर्सची तारीख धरू नका. शरीर एकीकडे आणि मन पेठेच्या मॅचमध्ये, असं केलं तर दोन्हीकडची लाज जाते.

आणि नियमांचं पुस्तक वाचा. खेळाडूला नियम ऐकून माहीत असतात. 2019 साली गोलकिकचा, म्हणजे गोलसमोरून खेळ परत सुरू करायच्या किकचा, नियम बदलला, बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर जायची अट गेली, किक बसून बॉल हलला की खेळ सुरू. मी 2021 साली पोरांना जुनाच नियम घोकून घेत होतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या एका पंचानं पालकांसमोर दुरुस्त केलं. कान लाल झाले, पण चूक माझीच होती.

आता ज्या खड्ड्यात मी पडलो त्याबद्दल. इथं जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

कोर्समध्ये माझ्या सेशनचा विषय होता मागून खेळ बांधणं, म्हणजे बचावातून पास देत देत बॉल पुढं नेणं. मला हा विषय म्हणजे घरचाच. पहिल्याच मिनिटाला एकानं चुकीचा पास दिला. मी शिट्टी मारली, 'थांबा!' सगळे जागच्या जागी थांबले. मी आत गेलो, बॉल घेतला, आणि 30 यार्डांवर कडेनं खेळणाऱ्या विंगला असा तिरका दिला की दोघंतिघं टाळ्या वाजवायला लागले. परत शिट्टी, परत थांबा, परत मी. सेशन 20 मिनिटांचं होतं. संपल्यावर प्रशिक्षकांनी वही दाखवली. त्यात बॉल खेळात असलेली मिनिटं लिहिली होती: सात. खाली एकच प्रश्न होता, 'या सेशनमध्ये कोण शिकलं?' मी नापास झालो. पुन्हा मूल्यमापनाला यावं लागलं.

तेव्हा मला राग आला. वाटलं, यांना खेळाडूचा हेवा वाटतो. (हो, खरंच वाटलं. तुम्हालाही वाटेल, तेव्हा आठवा.) खरी गोष्ट कळली ती सहा महिन्यांनी, एका पालकाच्या मोबाईलमुळे.

मी तेव्हा 13 वर्षांखालच्या पोरांना शिकवत होतो. त्यात एक लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) होता, 12 वर्षांचा, काटक, डाव्या पायाचा. बॉल मिळाला की त्याचे डोळे बॉलवरच. मी लाईनवरून दिवसभर ओरडायचो, 'मान वर कर! मान वर कर की रं!' हळूहळू तो मान वर करायला लागला. मी खूश. मग त्याच्या वडिलांनी एका मॅचचा व्हिडिओ पाठवला. रात्री जेवण झाल्यावर बघत बसलो. पोरानं बॉल अडवला, मान वर केली आणि थेट माझ्याकडं बघितलं. मी हातानं दाखवलं, त्यानं तिकडं पास दिला. पुढच्या वेळी परत तेच. मागे घेऊन बघितलं, मग बाकीच्या पोरांकडं बघितलं. अख्खी बॅकलाईन पास द्यायच्या आधी मैदानात बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, तर निरागसपणे म्हणाला, 'मान वर केली की, सर.'

झालं काय होतं, ते नीट समजून घ्या. आपण जे खेळतो ते आपल्या पायात असतं. समोरचा फॉरवर्ड कुठल्या पायावर आलाय हे दिसतं आणि पाय आपोआप वळतो, मध्ये शब्द येत नाही. म्हणून शिकवायची वेळ आली की खेळाडूकडं दोनच हत्यारं उरतात: करून दाखवणं आणि उत्तर ओरडून सांगणं. दोन्हीत अडचण सोडवतो कोच. पोरगं फक्त कोचचं उत्तर पोचवतं. आणि मजा म्हणजे मॅच जिंकलीही जाते, कारण लाईनवर उभा असलेला 31 वर्षांचा माणूस 12 वर्षांच्या पोरांविरुद्ध खेळत असतो. त्यामुळे वर्ष वर्ष कळतच नाही की आपण काही शिकवत नाही आहोत.

उपाय सोपा ऐकू येतो, करायला जड आहे. सांगायच्या ऐवजी मैदान बदला. पोरांनी बाजू बदलून खेळावं असं वाटतं ना? मग मैदान आखूड आणि रुंद करा, प्रत्येक टोकाला दोन्ही कोपऱ्यांत एकेक छोटा गोल ठेवा, चारास चार खेळवा. एका गोलासमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा राहतोच. तो मोकळा आहे हे बघितल्याशिवाय गोल होत नाही, म्हणजे मान आपोआप वर होते, आणि माझ्याकडं बघून काही फायदा नसतो. थांबवायचंच असेल तर सेशनमध्ये एकदोनदा थांबवा, आणि थांबवून प्रश्न विचारा: 'आत्ता तुला काय दिसलं?' मग गप्प बसा. पोरगं लगेच उत्तर देत नाही. ते चारपाच सेकंद फार लांब वाटतात. पहिले दोन महिने मला ते जमले नाहीत, शेवटी मॅचच्या वेळी तोंडात लवंग धरायला लागलो.

बॉलचंही तसंच. 12 वर्षांपर्यंतच्या पोरांना 4 नंबरचा बॉल द्या. आमच्या तालमीत होते तेच 5 नंबरचे बॉल मी वापरायचो. 5 नंबरचा बॉल 410 ते 450 ग्रॅमचा, 4 नंबरचा साधारण 350 ते 390. फरक हातात कळत नाही, पण बारक्या पायाला कळतो. पोरं लांब किक मारत नाहीत म्हणून मी वर्षभर चिडत होतो.

गुरूंबद्दल माझं मत काहींना लागेल. कोल्हापूर कुस्तीचं गाव, आपल्या फुटबॉल संघांची नावंही तालमींची. वस्ताद शेवटचा डाव स्वतःकडं राखून ठेवतो ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. मला त्यात कौतुक दिसत नाही. जो ज्येष्ठ कोच तुम्हाला त्याच्या सेशनची वही बघू देत नाही, त्याच्यामागे सरावाचे प्लास्टिकचे कोन उचलत दोन वर्षं घालवू नका. जो म्हणतो 'ये, उद्याचं सेशन तू घे, मी बघतो', त्याला धरा, भले तो कधी मोठ्या क्लबात खेळलेला नसेल.

शॉर्टकटचंही सांगून टाकतो. तयार सेशनच्या पीडीएफ विकत मिळतात. घेऊ नका. तुमच्याकडं 14 पोरं, निम्मं मैदान आणि सहा बिब (संघ ओळखायला घालायची रंगीत बंडी) असतात, तिथं त्या कागदाचा काही उपयोग नाही. आणि पाय भराभर टाकायच्या सरावाची ती जमिनीवर अंथरायची शिडी, लॅडर! फोटो झकास येतो. पण समोर बॉल नाही, प्रतिस्पर्धी नाही, निर्णय नाही. पाय नाचवायचेच असतील तर गणपतीत नाचवा.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. खलिद जमीलचंच बघा. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी असा खेळलेला माणूस, दुखापतींनी कारकीर्द आखडली. 2009 साली मुंबई एफसीचा कोच झाला आणि 2016पर्यंत होता. एवढ्या काळात आय-लीग, म्हणजे देशातली राष्ट्रीय लीग, एकदाही हाती लागली नाही. मग मिझोरमच्या ऐझॉलला गेला आणि पहिल्याच हंगामात, 2016-17 ला, लीग जिंकून दाखवली. 2025 साली भारताच्या संघाचा मुख्य कोच झाला. आमच्या मुलांना अनिकेत जाधवचं नाव तोंडपाठ असतं, कोल्हापूरचा पोरगा 2017चा 17 वर्षांखालचा विश्वचषक खेळला म्हणून. मी मुंबई एफसीतली ती सात वर्षं सांगतो, कारण कोचच्या आयुष्यात बहुतेक वर्षं तशीच असतात.

पैशाचं थोडक्यात. पहिली दोनतीन वर्षं एकट्या कोचिंगवर घर चालत नाही. शाळेतलं खेळशिक्षकाचं काम, सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच, असं जोडून चालवावं लागतं. घरी आधीच सांगा. मी सांगितलं नव्हतं.

कोर्सच्या मूल्यमापनात दुसऱ्या वेळी पास झालो. आता मॅचला मी गप्प असतो आणि त्याचीही वेगळीच कटकट आहे. दर महिन्याला कुणीतरी पालक येतो: 'सर, समोरचे सर बघा किती बोलतात. आम्ही फी भरतो, तुम्ही नुसतं उभं.' समजावून दमलो. मग एका वडिलांच्या हातात वही आणि पेन दिलं. म्हटलं, तुमचा मुलगा बॉल येण्याआधी मागे वळून किती वेळा बघतो, तेवढं मोजा. पहिल्या हाफात त्यांनी 11 रेघा ओढल्या. मॅच संपल्यावर वही परत दिली तेव्हा दुसऱ्या हाफाचं पान कोरं होतं. जरा ओशाळून म्हणाले, 'राहिलंच की हो सर, मॅच बघत बसलो.'